काउंटर नंबर दोन

कॅनडा कॉर्नरला, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टरांनी माझ्या पोटात दिवा सोडला,
गोदेत द्रोणातला सोडतात तसा.
हा मात्र बुडाला नाही, विझला नाही,
सगळी वळणं हिंडून परत आला.
स्वच्छ आहे, ते म्हणाले. किंचित लाली.
मग पेनाला टोपण लावता लावता,
घरी काही टेन्शन?
नाही, म्हटलं.
खोटं नव्हतं. घरी नव्हतंच.

ते सिडकोत, पवननगरला,
पतसंस्थेचं शटर साडेदहाला वर गेलं की सुरू होतं.
पत्र्याचा तो आवाज आधी आतड्याला कळतो, मग कानाला.
चेअरमनचा फोन एकोणीस महिने लागत नाही.
काचेला हाताएवढं भोक.
त्यातून पासबुकं आत येतात
आणि एकच वाक्य बाहेर जातं,
पुढच्या महिन्यात बघा.

वाक्य वरून आलेलं. तोंड तेवढं माझं.
माझी स्वतःची जी असतात ती मी गिळते,
चहाबरोबर, कधी नुसतीच.
चार गोष्टी पोटात ठेवायला शिक, आई म्हणायची.
शिकले.
किती मावतात ते तिनं सांगितलं नव्हतं.

ओवा झाला, जिऱ्याचं पाणी झालं,
पंचवटीतल्या वैद्यांचं चूर्ण झालं.
खैरनार मावशी म्हणाल्या, बेंबी सरकलीय,
पोटावर पणती ठेवून तांब्या पालथा घातला त्यांनी.
तांब्या घट्ट बसला.
मी छताकडे बघत पासबुकं मोजत राहिले.
स्टाफ मिसळीला गेला मखमलाबाद रोडला
तेव्हा मी दही मागवलं
आणि बाकीच्यांच्या वाटीतली तर्री बघत बसले.
दिवाळीत चार दिवस करंज्या खाल्ल्या, चकल्या खाल्ल्या,
काही झालं नाही.
भाऊबीजेच्या रात्री, उद्या ऑफिस,
आणि दोन वाजता मी न्हाणीघरात, भिंतीला डोकं टेकून.
हे डॉक्टरांना सांगायचं राहिलं.
राहिलं म्हणजे, सांगितलं नाही.

ओरडणाऱ्यांचं काही नाही.
ते ओरडतात, काचेवर थाप मारतात,
आणि बाहेर गाडीवर भजी खाऊन घरी जातात.
गांगुर्डे ओरडत नाहीत.
नोटप्रेसमधून रिटायर. आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले,
स्वतःचे आमच्याकडे ठेवले.
दर मंगळवारी नाशिकरोडहून दोन बस बदलून येतात,
वाक्य ऐकतात,
बरं, म्हणतात, आणि जातात.

त्या मंगळवारी त्यांनी पाणी मागितलं.
खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.
पिवळी गोळी. काठाला तीच हिरवी रेघ.
माझ्या ड्रॉवरमध्ये शिक्क्याच्या पॅडखाली
तीच पट्टी होती, चार उरलेली.
उपाशीपोटी? मी विचारलं.
हो. दीड वर्ष झालं. रिपोर्ट चांगले आहेत म्हणे.
किंचित लाली?
त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, काचेकडे नाही.

काका, पुढच्या महिन्यात येऊ नका, मी म्हटलं.
पैसे नाहीत. गेल्या वर्षीही नव्हते.
निबंधकांकडे अर्ज करा, मी लिहून देते.
मागे मॅनेजरची खुर्ची करकरली.
गांगुर्डे बाकावर बसले, पासबुक पोटाशी धरून.
पंखा फिरत होता.
कितीतरी वेळानं म्हणाले,
अर्जात नाव नीट लिहा, मधलं नाव पुंजाजी.

बरं वाटलं असं काही नाही.
बसमध्ये नवी कळ, नोकरीची.
घरी कुणाला सांगितलं नाही, सवय आहे.
पण रात्री अडीचला जाग आली ती दुखण्यानं नव्हे.
मला ओळखूच येईना काय होतंय ते.
मग आलं.
दिवा न लावता ओट्याशी उभी राहिले,
गार भाकरी, वर लसणाची चटणी,
लाल, तिखट, बंद केलेली,
पूर्ण खाल्ली.
आणि तिथंच हात न धुता
थांबून राहिले,
आता जळेल, आता जळेल म्हणत.